माकडांच्या टोळीतली उतरंड आणि ताण: सोसावं लागतं ते नेमकं कुणाला?

सह्यकडा

टोळीत खालच्या पायरीवर असलेल्या माकडाला ताण जास्त आणि म्होरक्या मजेत, असं सरसकट विधान बऱ्याच लेखांत वाचायला मिळतं. आफ्रिकेतल्या बबून माकडांवर गेल्या पन्नासेक वर्षांत झालेलं काम पाहिलं तर ते अर्धंच खरं निघतं. उरलेलं अर्धं मला जास्त मोलाचं वाटतं, म्हणून हा धागा.

रॉबर्ट सापोल्स्की हे अमेरिकन संशोधक १९७८ साली केनियातल्या मसाई मारा भागात गेले आणि पुढे दोन दशकांहून जास्त काळ तिथल्या ऑलिव्ह बबूनांच्या मागे राहिले. बबूनच का, तर त्या गवताळ रानात त्यांचं पोट दिवसाकाठी तीन-चार तासांत भरतं. सिंह-बिबट्यांचा उपद्रव आहे, पण रोजच्या रोज जिवावर बेतेल असा नाही. म्हणजे उरलेला सगळा दिवस एकमेकांना छळायला मोकळा. त्यांचा बहुतेक ताण हा त्यांनीच एकमेकांना दिलेला असतो.

ताण मोजायचा तर रक्तातलं कॉर्टिसॉल मोजायला हवं. ताण आला की वाढणारं हे संप्रेरक मूत्रपिंडांवर बसलेल्या अॅड्रिनल ग्रंथींतून येतं. अडचण अशी की माकड धरायला गेलं की त्या झटापटीतच ते वाढतं. त्यामुळे सापोल्स्की फुंकनळीतून भुलीची सुई मारत. तीही रोज ठरावीक वेळेलाच, माकडाची पाठ असताना, आणि त्या दिवशी ते भांडलेलं, आजारी किंवा जोडीला लागलेलं नसेल तरच. सुई लागल्यावर काही मिनिटांत रक्त घ्यायचं. एक नमुना मिळवायला कधीकधी कित्येक दिवस नुसतं मागे मागे फिरावं लागे.

यातून जे चित्र मिळालं ते असं. उतरंड स्थिर असेल, कोण कुणाच्या वर आहे हे सगळ्यांना ठाऊक असेल, तेव्हा खालच्या नरांचं विसाव्याच्या वेळचं कॉर्टिसॉल चढं असतं. कारण उघड आहे. वरचा नर भांडणात हरला की तो मधल्याला चावतो, मधला त्याच्याहून खालच्याला, आणि तो एखाद्या मादीला किंवा पिल्लाला. वड्याचं तेल वांग्यावर. खालच्या नराने काहीही केलेलं नसताना मार कधी बसेल याचा त्याला भरवसा नसतो. पण उतरंड डळमळली, दोघा-तिघांनी मिळून म्होरक्याला पाडलं आणि रोज नवी समीकरणं होऊ लागली, की पारडं फिरतं. त्या काळात वरच्या नरांचंच कॉर्टिसॉल वाढतं, कारण गमावण्यासारखं त्यांच्याचकडे असतं.

तिसरी गोष्ट तितकीच महत्त्वाची. एकाच पायरीवरच्या दोन नरांतही फरक पडतो. प्रतिस्पर्धी नुसता पन्नास फुटांवर येऊन झोपला तरी जो बिथरतो त्याची पातळी चढी. धमकी कोणती आणि नुसतं येणं-जाणं कोणतं हे ज्याला उमगतं, जो माद्यांशेजारी बसून त्यांच्या उवा वेचतो, पिल्लांशी खेळतो, त्याची पातळी कमी.

आता दुसरी जागा, किलीमांजारोच्या पायथ्याशी अंबोसेली. जीन आणि स्टुअर्ट ऑल्टमन यांनी १९७१ साली इथल्या पिवळ्या बबूनांच्या नोंदी ठेवायला सुरुवात केली आणि त्या आजही चालू आहेत. २०११ साली तिथल्या १२५ नरांच्या नऊ वर्षांच्या नमुन्यांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. क्रम जसजसा वर जातो तसतसा ताण उतरतो, हे तिथेही दिसलं. अपवाद फक्त एक, अगदी वरचा. पहिल्या क्रमांकाच्या नराचं प्रमाण दुसऱ्या क्रमांकाच्या नरापेक्षा खूपच जास्त होतं, जवळपास तळाच्या नरांइतकं, आणि तेही उतरंड स्थिर असताना. पहिल्याला भांडणं जास्त आणि माजावर आलेल्या मादीची राखण जास्त. राखण चालू असली की धड खाणंही होत नाही. दुसऱ्या क्रमांकाच्या नराला मान मिळतो, खाणं मिळतं आणि ही मरमर नसते.

माझं म्हणणं थोडक्यात मांडतो. पायरीचा नंबर स्वतः ताण देत नाही. त्या टोळीत त्या पायरीवर वाट्याला काय येतं, मार किती, तो कधी पडेल याचा अंदाज कितपत आणि पाठीशी कोण, यावर ताण ठरतो. २००३ साली डेव्हिड अॅबट आणि सहकाऱ्यांनी माकडांच्या वेगवेगळ्या जातींची आकडेवारी शेजारी ठेवून पाहिली, तेव्हाही हेच निघालं. खालच्यांना त्रास वारंवार होतो आणि नातलगांचा आधार नसतो, अशाच जातींत खालच्यांचं कॉर्टिसॉल जास्त. दक्षिण अमेरिकेतल्या मार्मोसेटमध्ये तर खालच्या माद्यांना स्वतःची पिल्लंही होत नाहीत, तरी त्यांचं कॉर्टिसॉल चढं नसतं. त्या घरातल्याच असतात, पिल्लं सगळी मिळून वाढवतात, मारामारी फारशी नाही.

मंजिरी_क

सुंदर लिहिलंय. एक शंका. अंबोसेलीत नऊ वर्षं एवढ्या माकडांना भुलीच्या सुया मारत होते का? तेवढ्यानेच ताण येईल की!

सह्यकडा

नाही मंजिरीताई, तिथे विष्ठा गोळा करतात. कॉर्टिसॉल वापरून झालं की त्याचे तुटलेले अंश आतड्यातून बाहेर पडतात. निरीक्षक टोळीबरोबर चालत असतो, प्रत्येक माकड चेहऱ्याने, कानाच्या खाचेने, चालीने ओळखीचं असतं. ते बसलं, उठलं, पुढे गेलं की लगेच जाऊन नमुना उचलायचा, सगळा एकजीव कालवायचा, कारण संप्रेरक सगळीकडे सारखं पसरलेलं नसतं. मग अल्कोहोलच्या कुपीत घालायचा, वर नाव आणि वेळ. पुढे प्रयोगशाळेत वाळवून, चाळून मोजणी. रक्तात त्या क्षणाची पातळी दिसते, विष्ठेत आधीच्या दिवसाभराची गोळाबेरीज. एखादं भांडण पाहायचं असेल तर रक्त बरं, आयुष्य कसं चाललंय हे पाहायचं असेल तर विष्ठा. आणि माकडाला हात लावावा लागत नाही.

नैरोबीकर

मसाई मारामध्ये आमचं जाणं-येणं असतं. लॉजच्या मागे कचऱ्याच्या खड्ड्याशी बबून पाहिले की मला सापोल्स्कींच्या टोळीचा क्षयरोग आठवतो. सह्यकडा, तो भाग तुम्ही गाळलात. माझ्या मते सगळ्यात विलक्षण तोच आहे, म्हणून इथे लिहिते.

त्यांच्या एका टोळीच्या शेजारी दुसरी टोळी होती आणि तिच्या हद्दीत एका पर्यटक लॉजचा उकिरडा. फुकटचं अन्न म्हणून शेजारची टोळी तिथेच मुक्कामाला. सापोल्स्कींच्या टोळीतले काही नर रोज पहाटे तिकडे जाऊन, तिथल्या नरांशी मारामारी करून खाऊन येत. तिकडे जायचे ते कोण? जे भांडखोर होते आणि ज्यांना सकाळच्या वेळी टोळीत बसून एकमेकांच्या उवा वेचण्यात रस नव्हता ते. १९८३च्या सुमारास त्या उकिरड्यावर क्षयबाधित मांस पडलं आणि तिथून रोग पसरला. तीन वर्षांत तिथे जाणारे सगळे नर मेले. म्हणजे या टोळीतले जवळजवळ निम्मे नर गेले, आणि गेले ते नेमके तापट. मागे उरले शांत नर आणि त्यांच्या दुप्पट माद्या.

टोळीचा स्वभावच पालटला. वरचे नर आपल्या जोडीच्या नरांशी भांडत, पण अगदी खालच्यांना उगाच मारेनात. नर-माद्यांचं एकमेकांजवळ बसणं वाढलं. बबूनांत नर वयात आला की जन्माची टोळी सोडून दुसरीकडे जातो. त्यामुळे दहाएक वर्षांत ते जुने शांत नर संपले आणि त्यांच्या जागी बाहेरून आलेले, दुसरीकडे वाढलेले नर होते. तरीही टोळीची रीत तीच राहिली! २००४ साली सापोल्स्की आणि लिसा शेअर यांनी हे प्रसिद्ध केलं. आणि या टोळीत खालच्या नरांच्या शरीरात ताणाची नेहमीची लक्षणं दिसली नाहीत.

सह्यकडा

नैरोबीकर, हे तुमच्याकडून आलं याचा आनंद वाटतो. यातला शिकवणीचा भाग मला फार मोठा वाटतो. नव्या नराला कुणी बसवून शिकवलं नाही. माद्या निर्धास्त होत्या, त्यामुळे नवख्याच्या जवळ त्या लवकर जात, लवकर उवा वेचू लागत. इतर टोळ्यांत नवख्याला त्यासाठी खूप थांबावं लागतं. ज्याला पहिल्या काही आठवड्यांत अशी वागणूक मिळाली तो तसाच वागू लागला. उतरंड तिथेही होतीच, पहिला नर पहिलाच होता. बदललं ते खालच्या पायरीचं जिणं.

स्टेथोस्कोप

डॉक्टर म्हणून पहिला प्रश्न हाच पडतो की आधी काय? खालच्या पायरीमुळे शरीर ताणाखाली जातं, की मुळात ज्याचं शरीर तसं आहे तोच खाली ढकलला जातो? रानातल्या निरीक्षणातून हे सुटत नाही.

हृदयरोगाच्या अंगाने मला माहीत असलेलं सांगतो. जे कॅप्लन, कॅरोल शायव्हली वगैरेंनी नॉर्थ कॅरोलायनात लांब शेपटीच्या मकाक माकडांवर बरीच वर्षं काम केलं. सगळ्यांना सारखाच चरबीयुक्त आहार. ज्या गटांतली माकडं सतत अदलाबदल करून उतरंड मोडत ठेवली, तिथे वरच्या नरांच्या हृदयाच्या धमन्यांत थर जास्त साचले. स्थिर गटांत तसं झालं नाही. त्या वरच्या नरांना प्रोप्रॅनोलॉल दिल्यावर हा जास्तीचा थर साचला नाही. हे औषध आपण रोज लिहून देतो, अॅड्रिनलिनचा हृदयावरचा परिणाम ते रोखतं. म्हणजे धमनीपर्यंतची वाट संकटात शरीराला सज्ज करणाऱ्या ‘लढा किंवा पळा’वाल्या यंत्रणेतून जाते. माद्यांत मात्र उलट, तिथे खालच्या माद्यांच्या धमन्या जास्त खराब.

सह्यकडा

डॉक्टर, तुमच्या ‘आधी काय’ला उत्तर आहे. अटलांटातल्या यर्कीस केंद्रात जेनी टंग, नोआ स्नायडर-मॅकलर आणि सहकाऱ्यांनी ऱ्हीसस या मकाक जातीच्या माद्यांवर ते केलं. एकमेकींना अनोळखी अशा पाच-पाच माद्यांचे गट बांधले आणि प्रत्येकीला एकेक करून आत सोडलं. अशा गटात आधी आलेली वर आणि शेवटी आलेली तळाला, असंच बहुतेक होतं. म्हणजे पायरी त्या माकडाच्या गुणांवर नाही, तर आत सोडण्याच्या क्रमावर ठरली. २०१६ साली आलेल्या अभ्यासात ४५ माद्या होत्या. काही काळाने गट मोडून, क्रम बदलून पुन्हा बांधले, त्यामुळे खालची वर आणि वरची खाली गेली.

रक्तातल्या पांढऱ्या पेशींत कोणती जनुकं किती चालू आहेत हे पाहिलं, तर पायरीनुसार हजारो जनुकांत फरक. खालच्या माद्यांत सूज आणणारी यंत्रणा जास्त चेतलेली होती. पायरी बदलल्यावर जनुकांचं वागणंही बदललं. आणि ज्यांच्या उवा जास्त वेचल्या जात त्यांच्यात हा परिणाम काही अंशी सौम्य होता. म्हणजे पायरी हे कारण ठरू शकतं, आणि तो परिणाम कायमचा कोरलेला नसतो.

कावेरी

वाचून जीव कळवळला. मोकळ्या रानात खालची मादी निदान लांब जाऊन बसू शकते. पाच जणींच्या बंदिस्त गटात तिने जायचं कुठे? प्रयोगाचं मोल कळतं, पण त्या शेवटी सोडलेल्या मादीचे महिने कसे गेले असतील हे मनातून जात नाही.

सह्यकडा

कावेरीताई, मलाही हे खुपतं. शास्त्राच्या बाजूनेही तुमचा मुद्दा बरोबर आहे. बंदिस्त जागेत खालच्या मादीला टाळाटाळ करता येत नाही आणि तिची आई-बहीणही सोबत नाही, त्यामुळे तिथला परिणाम रानापेक्षा तीव्र दिसणार. रानात ऱ्हीसस मादी एकटी नसतेच. मुलगी आईच्या लगेच खालची पायरी घेते, आणि बहिणींत धाकटी थोरलीच्या वर जाते, कारण भांडणात आई धाकटीची बाजू घेते. १९५८ साली जपानी मकाकांवर कावामुरांनी ही नोंद केली. माद्यांची सगळी उतरंड अशी घराण्यांची असते.

गोदाकाठ

आमच्या शिवारात वानरांच्या टोळ्या आहेत. एक हुप्प्या, बाकी माद्या-पिल्लं. नवा हुप्प्या जुन्याला हाकलून आला की पुढचे काही आठवडे टोळीत नुसता आकांत असतो. माद्या पिल्लांना पोटाशी धरून सगळ्यात उंच फांदीवर. आमचे आजोबा म्हणायचे, नवा हुप्प्या पिल्लं ठेवत नाही. याचा अभ्यास झालाय का? या माद्यांच्या ताणाचं काय?

सह्यकडा

आजोबांनी पाहिलं तेच युकिमारू सुगियामा यांनी १९६२ साली धारवाडजवळच्या वानरांत पाहून नोंदवलं. पुढे सारा हर्डी यांनी सत्तरच्या दशकात माउंट अबूला काम केलं आणि त्याचा अर्थ लावला. दूध पाजणारी मादी माजावर येत नाही. पिल्लू गेलं की लवकर येते. नव्या नराकडे वेळ थोडा असतो. नेपाळमधल्या रामनगरच्या वानरांत डीएनए तपासलं, तेव्हा मारणारे नर त्या पिल्लांचे बाप नव्हते.

मादीच्या ताणाचं उत्तम काम बोट्सवानात ओकावांगोच्या पाणथळ प्रदेशात झालंय, डोरोथी चेनी आणि रॉबर्ट सेफार्थ यांच्या चाक्मा बबूनांवर. तिथेही बाहेरून आलेला नवा म्होरक्या पिल्लं मारतो. तो आला की अंगावर पिणारं पिल्लू असलेल्या माद्यांची पातळी झपाट्याने चढते. पण अशा मादीचा टोळीतल्या एखाद्या नराशी स्नेह असेल, तर ती चढ कमी असते. हा नर तिच्या जवळपास राहतो, पिल्लावर कुणी आलं तर आडवा जातो.

त्याच टोळीतली आणखी एक नोंद. सिंहाने किंवा बिबट्याने जवळचं माणूस नेलं (माणूसच म्हणतो, दुसरा शब्द सुचत नाही) की त्या मादीची पातळी महिनाभर चढी राहते. ज्यांचं कुणी गेलं नाही, त्यांनी तोच हल्ला पाहिलेला असूनही त्यांची चढत नाही. आणि मग ती मादी काय करते? आधी जिच्याशी फारसं येणं-जाणं नव्हतं अशांच्याही उवा वेचायला लागते, नव्या मैत्रिणी जोडते.

घाटवाट

महाबळेश्वर-माथेरानची माकडं कुठल्या प्रकारात बसतात?

सह्यकडा

ती टोपीवाली माकडं, बॉनेट मकाक, फक्त भारताच्या दक्षिण द्वीपकल्पात आढळणारी. बेर्नार तिएरी यांनी मकाकांच्या जाती कडक उतरंड ते सैल उतरंड अशा चार गटांत लावल्या. ऱ्हीसस आणि जपानी मकाक सगळ्यात कडक टोकाला, इंडोनेशियातल्या सुलावेसी बेटावरचे सैल टोकाला. आपली टोपीवाली सैल बाजूच्या तिसऱ्या गटात. त्यांच्यातले नर एकमेकांना मिठ्या मारतात, एकमेकांच्या उवा वेचतात, ऱ्हीसस नरांत हे क्वचित. घाटात गाडी थांबवून शेंगदाण्याची पुडी फेकली की मात्र हीच माकडं एकमेकांवर तुटून पडतात. रानात अन्न विखुरलेलं असतं, प्रत्येकाला आपापल्या फांदीवर मिळतं. एका जागी ढीग पडला की जो वरचा त्याचंच.

अवधूत

मग हे सरळ माणसालाच लागू आहे की. साहेब, कारकून, शिपाई. आमच्या कार्यालयात रोज बघतो.

सह्यकडा

अवधूतराव, मी थोडा हात राखून बोलेन. ब्रिटिश सरकारी नोकरांवर १९६७ साली सुरू झालेल्या व्हाइटहॉल अभ्यासात मायकेल मार्मट यांना सगळ्यात खालच्या श्रेणीतल्या पुरुषांचा मृत्युदर वरच्यांच्या सुमारे तिप्पट आढळला, आणि धूम्रपान वगैरे वजा करूनही फरक पुष्कळ उरला. साम्य आहेच. पण बबूनाला एकच टोळी असते. माणूस कार्यालयात शिपाई आणि भजनी मंडळात बुवा असू शकतो, आणि आपली किंमत तो कुठल्या ठिकाणी मोजतो हे बाहेरून दिसत नाही. शिवाय माणसाच्या खालच्या पायरीबरोबर भाड्याचं घर, कर्ज, मुलांची फी येते. माकडावरून थेट माणसावर उडी मारली की हे सगळं निसटतं.

समुद्रपक्षी

कायो सांतियागोचा उल्लेख अजून कुणी केला नाही. पोर्तो रिकोजवळच्या या बेटावर १९३८ साली क्लॅरेन्स कारपेंटर यांनी भारतातून नेलेली ४०९ ऱ्हीसस माकडं सोडली. आजची सगळी त्यांचीच वंशज, म्हणजे मूळची इकडचीच. २०१७च्या सप्टेंबरात मारिया वादळाने बेटावरची बहुतेक झाडी गेली. सावली उरली नाही, दुपारचं तापमान चाळिशीपार. इतकी कडक उतरंड असलेली ही जात, तेव्हा उरलेल्या सावलीसाठी रक्तपात होईल असं वाटावं. झालं उलट. एकमेकांना जवळ बसू देण्याचं प्रमाण वाढलं आणि पुढे कित्येक वर्षं टिकलं. २०२४ सालच्या अभ्यासात, जी माकडं इतरांना जास्त खपवून घेत त्यांचा मरण्याचा धोका वादळानंतर कमी दिसला. वादळाआधी या गुणाचा जगण्या-मरण्याशी एवढा संबंध नव्हता.

मंजिरी_क

केवढं नवं कळलं या धाग्यातून! शेवटचा प्रश्न. मुलगी आईची पायरी घेते, तसा आईचा ताणही घेते का?

सह्यकडा

याचं उत्तर अंबोसेलीतच आहे, कारण पिढ्यानुपिढ्यांच्या नोंदी तिथेच आहेत. २०१६ साली १९६ माद्यांच्या बालपणातल्या सहा संकटांची नोंद तपासली. दुष्काळात जन्म, खूप मोठी टोळी, आईची खालची पायरी, आईचं एकटेपण, पाठोपाठ झालेलं भावंड, आणि आईचा लवकर मृत्यू. ज्यांच्या वाट्याला तीन किंवा जास्त आली त्या, एक किंवा एकही न आलेल्यांपेक्षा सुमारे दहा वर्षं आधी मेल्या. २०१९ साली पुढची पायरी दिसली. जी मादी लहानपणीच आईविना वाढली, तिच्या पिल्लांचंही जगण्याचं प्रमाण कमी, त्या पिल्लांचं स्वतःचं बालपण ठीक असलं तरी.

मोठेपणी जिवाभावाच्या मैत्रिणी मिळाल्या तर आयुष्य वाढतं, हेही त्याच टोळ्यांत दिसलंय, बालपण कसंही गेलेलं असो. बालपणाचं नुकसान त्याने पुसलं जात नाही, दोन्हींचा परिणाम आपापल्या जागी राहतो. पण ज्या मादीच्या वाट्याला वाईट बालपण आलंय, तिलाही मैत्रीचा फायदा मिळतो.